मस्टरवर १९, कामावर २४

प्रश्न : मी इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सांवेर रोडवर पप्पांचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे, गिऱ्हाइकं बहुतेक नमकीनवाले. एमबीए करून मला ते मोठं करायचंय. पण आमच्या घरात सगळे शिक्षक, नाहीतर नर्स. मोठे काका म्हणतात, धंद्यात खोटं बोलल्याशिवाय भागत नाही, तू आपली बी.एड. कर. आमच्याकडे माणसं २४ आहेत, मस्टरवर १९. पप्पांना विचारलं तर म्हणाले, सगळेच असं करतात. ख्रिस्ती माणसाला धंद्यात खरंच अव्वल होता येतं का? आणि त्यासाठी एक्सएलआरआयसारख्या मिशनऱ्यांच्या संस्थेतच जायला हवं का?
– एक विद्यार्थिनी, संयोगितागंज, इंदूर

उत्तर : एमबीएचं नंतर बघू. आधी ते २४ आणि १९.

आकडा १९ वरच का अडलाय, हे बी.कॉम.च्या मुलीला सांगायला नको. २० माणसं झाली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. पण कायदा मस्टरवरची नावं मोजत नाही, कामावरची डोकी मोजतो. म्हणजे तुमचं युनिट आजच त्याच्या कक्षेत आहे, फक्त कागदावर नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं म्हटलंय. ते वाचून दाखवायला मात्र पप्पांसमोर बसू नकोस. वही घेऊन बस. समज, सरासरी पगार १३,००० आहे. मालकाचा १२ टक्के वाटा माणशी १,५६० होतो, २४ माणसांचे महिन्याला ३७,४४०. वर थोडा प्रशासकीय खर्च. मागच्या काळाचं काय होईल ते सीएला विचारावं लागेल, आणि तो आकडा गोड नसेल.

आता हे ३७,४४० कुठून काढायचे? तू ज्याला धंद्यात अव्वल होणं म्हणतेस, त्याचा पहिला धडा हाच. कोरुगेशन मशीनवर, म्हणजे कागदाला नागमोडी घड्या पाडणाऱ्या यंत्रावर, कागदाच्या रिळाचं किती वेस्टेज जातं, छपाईत किती खोकी बाद होतात, नमकीनवाल्यांकडची उधारी किती दिवस लटकते? सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आहे का, आणि असेल तर बिलावर नंबर छापता का? बायबलमधला नहेम्या यरुशलेमेचा तट बांधायला गेला तेव्हा पहिल्या दिवशी भाषण ठोकलं नाही. रात्री चार माणसं बरोबर घेऊन पडझड हिंडून पाहिली, कुणाला काही बोलला नाही, आणि मग माणसं गोळा केली. तट ५२ दिवसांत उभा राहिला. पुढे १२ वर्षं राज्यपालाचा भत्ताही त्याने घेतला नाही, कारण लोकांवर आधीच बोजा होता. चर्चच्या तरुण संघात नेतृत्वावर बोलायची वेळ आली की सगळे दावीद राजाकडे धावतात. मला विचारशील तर कारखानदाराने नहेम्या वाचावा.

काकांचं म्हणणं कुठून येतं ते समजून घे, म्हणजे राग येणार नाही. तुझं कॉलेज १८८७ चं, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचं. आपल्याकडे मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, आणि आपल्या आजी-आजोबांना त्यातच मानाची नोकरी मिळाली. गल्ल्यावर बसणारं कुणी घरात पाहिलंच नाही, मग धंदा म्हणजे लबाडी हे मनात बसायला वेळ लागत नाही. पण मंगलोरी कौलं काकांनी नक्की पाहिली असतील. ती कौलं बासेल मिशनची. जातीचा व्यवसाय सुटल्यावर नव्या ख्रिस्ती कुटुंबांनी खायचं काय, या प्रश्नातून त्या मिशनने विणकामाचे कारखाने काढले आणि १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा. आपला माल विकून माणसांचं पोट भरणं हेही मिशनचंच काम होतं.

मात्र काकांना उत्तर द्यायच्या भरात दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. ‘आम्ही ख्रिस्ती, आम्ही प्रामाणिक’ एवढ्यावर कुणी ऑर्डर देत नाही, आणि देऊही नये. रविवारी पुढच्या बाकावर बसणारा सप्लायर दर वेळी तीन दिवस उशिरा माल देत असेल, तर गिऱ्हाइकाला त्याच्या भक्तीचा काय उपयोग? पौलाने कलस्सैकरांना लिहिलं की जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. त्या ‘जे काही’मध्ये कॉस्टिंग आलं, जीएसटी रिटर्नची तारीख आली, खोक्याचा सांधा आला. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रांत आहे. तुमच्या धंद्यात तराजू क्वचितच खोटा असतो, खोटा असतो जीएसएम, म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन. १२० चा कागद सांगून १०० चा लावला तर ते गिऱ्हाइकाला खोकं फाटेपर्यंत कळत नाही. एक कर : नमुन्याचा तुकडा कापून वजन करायचा काटा गिऱ्हाइकाच्या समोर ठेव. भाव चार पैसे जास्त का आहे, ते काटा सांगेल.

भल्या माणसांचाही पाय कुठे अडकतो, ते कॅडबरींच्या गोष्टीत दिसतं. चॉकलेटवालं हे घराणं क्वेकर पंथाचं. बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिलला १८७९ मध्ये कारखाना हलवला, आणि पुढे तिथे बागा असलेल्या घरांची वसाहत उभी राहिली. आजही व्यवस्थापनाच्या वर्गात त्याचा दाखला देतात. पण पोर्तुगिजांच्या साओ तोमे बेटावरचा कोको गुलामांच्या श्रमातून येतो, असं १९०१ मध्ये त्यांच्या कानावर आलं. त्यांनी चौकशी केली, बोलणी केली, सरकारकडे खेपा घातल्या, आणि तिथला कोको घेणं थांबवलं ते १९०९ मध्ये. एका वर्तमानपत्राने ढोंगी म्हटलं म्हणून त्यांनी दावा लावला. जिंकले, पण ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. ती माणसं लबाड होती असं मी म्हणणार नाही. आपल्या भिंतीच्या आतल्या कामगाराला त्यांनी जपलं, भिंतीबाहेरच्याबाबत आठ वर्षं घालवली. तुझ्या युनिटमध्ये ती भिंत मस्टरवरच्या एकोणिसाव्या नावाखाली आहे.

आता संस्थांचं. एक्सएलआरआय (यातला एक्स म्हणजे संत झेवियर) जमशेदपूरला जेझुइट या कॅथलिक संघाने १९४९ मध्ये काढली. मनुष्यबळ व्यवस्थापनात तिचं नाव मोठं आहे आणि प्रवेशासाठी झॅट ही परीक्षा द्यावी लागते. झॅटमध्ये ‘डिसिजन मेकिंग’ नावाचा वेगळा विभाग असतो. मालक, कामगार, गिऱ्हाईक यांच्यातला पेच देतात आणि काय कराल म्हणून विचारतात. तुझं पत्रच त्यात प्रश्न म्हणून शोभलं असतं. पण तिथे बायबलचा अभ्यासवर्ग असेल अशा समजुतीने जाऊ नकोस. सगळ्या धर्मांची मुलं तिथे शिकतात, आणि प्लेसमेंटची शर्यत तिथेही तितकीच जोरात असते. राऊला, तुझ्या घरापासून तासाभराच्या आत, १९९६ पासून आयआयएम इंदूर आहे. त्यासाठी कॅट. दोन्ही दे. संस्थेचं नाव संताचं आहे की नाही यावरून निवड करू नकोस. कॅट बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी येते आणि झॅट जानेवारीच्या पहिल्या. दोन उपासना बुडतील, पाळकसाहेबांना आधी सांगून ठेव. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी आहे.

माझा आग्रह असा की बी.कॉम. झाल्यावर लगेच एमबीए नको. पिथमपूरच्या एखाद्या कारखान्यात दोन वर्षं खरेदी किंवा अकाउंट्समध्ये काम कर, पप्पांच्या ओळखीने नव्हे. दुसऱ्याच्या हाताखाली राबल्याशिवाय हाताखालच्या माणसाचं दुखणं कळत नाही. शिवाय थोडी बचत झाली तर शिक्षणकर्जही कमी घ्यावं लागेल. कर्जाकडे मी मुद्दाम बोट दाखवतेय. हप्ता मोठा असला की वरिष्ठाला ‘हे मी करणार नाही’ म्हणणं फार महाग पडतं, आणि तेव्हा श्रद्धा कितीही पक्की असली तरी माणूस मान खाली घालून सही करतो.

पत्रात तू वर्षाची उलाढाल लिहिली नाहीस, आणि ती पाच माणसं रोजंदारीवर आहेत की ठेकेदाराची, तेही नाही. या दोन गोष्टी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाकडची उधारी किती दिवसांची आहे, एवढं कळव. जमलं तर पप्पांनाच लिहायला सांग. पीएफची नोंदणी कोणत्या महिन्यापासून झेपेल, ते त्यावरून ठरवू.