मिठागरावरचा माहितीपट निबंधासारखा का वाटतो?

प्रश्न : गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. नववीच्या मुलांकडून आगरवाड्याच्या मिठागरांवर रेडिओसाठी छोटा माहितीपट करून घेते आहे. मुलं मुलाखती घेऊन आली, निवेदनही लिहिलं, पण ऐकताना कुणी निबंध वाचतंय असं वाटतं. साधन म्हणजे मोबाइल. काय बदलू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, निवेदन आधी लिहिलं गेलं, गाडं तिथेच अडलं. वर्गात मजकूर तयार झाला की मुलं त्यात बसतील अशी दोन वाक्यं मिळवायला माणसांकडे जातात. क्रम उलटा करा.

पहिल्या भेटीत प्रश्न नकोतच. मुलांना बांधावर डोळे मिटून उभं राहू द्या आणि जे ऐकू आलं ते वहीत लिहू द्या. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत येतानाचा खळखळाट, मीठ ओढतानाची खरखर, टोपली ढिगावर रिकामी होते तो आवाज, पाणपक्षी, रस्त्यावरची बस. मग यातला एकेक आवाज वेगळा, किमान एक मिनिट ध्वनिमुद्रित करा. जे आवाजातून कळतं ते निवेदनात सांगावं लागत नाही. 'आपण आता मिठागरात आलो आहोत' हे वाक्य बिनधास्त काढून टाका.

मुलाखत घरच्या खुर्चीत घेऊ नका. खुर्चीत बसवलं की माणूस भाषण करतो. आगरातच घ्या. मात्र बोलणं आणि काम आळीपाळीने होऊ द्या, कारण खरखर बोलण्यावर चढली तर नंतर कापता येत नाही. 'मिठाचा धंदा कठीण आहे का?' याला 'हो' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी 'पहिल्यांदा आगरात उतरलात तेव्हा कुठलं काम दिलं होतं?', 'अवकाळी पाऊस पडला त्या दिवशी काय केलंत?' असं विचारा. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न नको. मनात पाचापर्यंत मोजा. सगळ्यात चांगली वाक्यं त्या थांबण्यातून येतात आणि मुलांना हेच सगळ्यात जड जातं. शांतता त्यांना चूक वाटते.

आगरातला माणूस कोंकणीत बोलला तर बोलू द्या. त्याच्या आवाजावर मुलांचं मराठी भाषांतर चढवू नका. आपल्याकडचा ऐकणारा दोन्ही समजतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा आणि बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरा. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच जागेची मिनिटभर शांतता टिपा. दोन तुकडे जोडताना ती लागतेच. संपादनासाठी शाळेच्या संगणकावर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर पुरतं, ते मोफत आहे. सिनेमातली गाणी वापरू नका. संगीत हवंच असेल तर गावातल्या बायकांची फुगडी त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. आणि लांबी सहा-सात मिनिटांच्या वर नेऊ नका. वीस मिनिटांच्या मुलाखतीतून दोन मिनिटं निवडताना मुलं जेवढं शिकतात, तेवढं मी कुठल्याही व्याख्यानातून शिकवू शकलेले नाही.

एक जास्तीचा विषय सुचवते. १९५५ ते १९६१ या काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून पोर्तुगीज राजवटीविरुद्ध गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, कोंकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. तुमच्या मुलांच्या आजी-आजोबा, पणजी-पणजोबांपैकी कुणी त्या दिवसांत रेडिओवर काय ऐकत होतं, हे अजून विचारता येईल. काही वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही, म्हणून ही मुलाखत आगराच्याही आधी घ्या. वर्ष, नावं मात्र दुसऱ्या कुणाकडून पडताळून मगच वापरा.

ध्वनिमुद्रण सुरू होताच 'हे शाळेसाठी आहे, कदाचित रेडिओवरही लागेल, चालेल ना?' असं विचारून होकार त्याच फाइलमध्ये घ्या. तयार झालेला भाग आधी त्या माणसांना ऐकवा. एखादं वाक्य काढा म्हणाले तर निमूट काढा, मग ते कितीही सुंदर असो. आगरातलं काम पावसापर्यंतच चालतं, त्यामुळे ध्वनिमुद्रण आताच उरका; संपादन पावसात बसून करता येईल.