‘बाटली आडवी झाली’ म्हणजे काय झाले?

विचारणा अशी आहे : “गावात बाटली आडवी झाली, आता मुलींना शाळेत जाताना धास्ती नाही, असे बातमीत वाचले. ही बाटली फोडली की कलंडली? सरळ ‘दारूबंदी झाली’ असे का म्हणत नाहीत?”

ती मतदानात हरली. गावातले किंवा वॉर्डातले परवानाधारक दारूचे दुकान नको असेल, तर महाराष्ट्रात तिथल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे. मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : दुकान राहू दे म्हणणाऱ्यांसाठी उभी बाटली, बंद करा म्हणणाऱ्यांसाठी आडवी. नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडवीला पडली की दुकान बंद. जी मतदानाला आलीच नाही, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखे होते. 2008च्या शासन आदेशातली ही पद्धत.

‘दारूबंदी’ हा शब्द इथे बसत नाही. ती वरून, सरकारी निर्णयाने येते. वर्ध्यात 1975 साली आली, गडचिरोलीत 1993 साली. चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठलीही. बाटली मात्र गावातल्या बायाच आडवी करतात.

आता खुद्द शब्द. मराठीत दुकान उभे राहते, निवडणुकीला उमेदवार उभा राहतो. हरवायचे झाले की पैलवानाला आडवा करतात. चित्र त्यामुळे चटकन पटते. पण मला याच शब्दाचा आणखी एक अर्थ महत्त्वाचा वाटतो : वाटेत आडवे येणे. दुकान शाळेच्या नाहीतर एसटी थांब्याच्या वाटेवर असले की संध्याकाळी पिऊन बसलेले पुरुष टोमणे मारतात, हात धरतात, आणि मुलींना लांबच्या वाटेने घरी जावे लागते. दुकान कुठे असावे आणि किती वाजेपर्यंत उघडे असावे, हा म्हणूनच बायकांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. जी बाटली त्यांच्या वाटेत आडवी येत होती, तिलाच त्यांनी आडवी केली. हा अर्थ चित्र ठरवणाऱ्याच्या मनात होता असे मी म्हणत नाही. भाषेत तो आहे.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. दुकानाला विरोध करताना ‘दारूमुळे बलात्कार झाला’ असे लिहू नका. ‘मुळे’ लावला की कर्ता निसटतो आणि गुन्हा बाटलीच्या नावावर जातो. आपणहून प्यायलेल्याला कायदाही ‘मला समजत नव्हते’ ही सबब सहसा देत नाही. उलट नशेमुळे स्त्रीला काय चालले आहे हेच कळत नसेल, तर तिने दिलेला होकार कायद्याने संमती ठरत नाही. ‘दारू पिऊन त्याने तिच्यावर बलात्कार केला’ असे लिहा. ‘पिऊन’ या रूपाचा कर्ता आणि ‘केला’चा कर्ता मराठीत एकच असतो, आणि इथे तो ‘त्याने’ आहे.