सॉरॉरिटीच्या माजी सदस्या सक्रिय राहाव्यात आणि नव्या सदस्या रुळाव्यात, यासाठी काय करावे?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की, टेक्सासमधील तुमच्या सॉरॉरिटीच्या, म्हणजे अमेरिकन महाविद्यालयांत चालणाऱ्या विद्यार्थिनींच्या संघटनेच्या, माजी सदस्यांच्या शाखेत नावे भरपूर आहेत, पण संस्थापना दिनाच्या जेवणाला गर्दी होते आणि पुढे वर्षभर त्याच पाच-सहा जणी राबतात. शिवाय नव्याने आलेली मुलगी एकदा येते आणि पुन्हा फिरकत नाही. मी न्यू जर्सीत अशाच एका शाखेचे सचिवपद सांभाळते, त्यामुळे हे चित्र माझ्या परिचयाचे आहे. माझे स्पष्ट मत असे की, कार्यक्रम वाढवून उपस्थिती वाढत नाही. महाविद्यालयात असताना एकत्र राहणे, निधी उभारणे, नव्या मुलींची निवड करणे अशी कामे आपोआप वाट्याला येत असतात. पदवीनंतर ती संपतात, आणि ज्या जागी आपल्यावाचून काही अडत नाही तिथे शनिवारची सकाळ घालवायला नोकरी आणि मुले सांभाळणारी बाई येत नाही, यात तिचा दोष नाही.

या बाबतीत पाय बीटा फाय या सॉरॉरिटीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. त्यांनी 1910 च्या अधिवेशनात डोंगराळ भागात शाळा काढण्याचे ठरवले आणि 1912 मध्ये टेनेसीतील गॅटलिनबर्ग येथे ती सुरू झाली. पुढे तिथल्या स्त्रियांच्या विणकामाला आणि इतर हस्तकलांना उत्तेजन मिळाले आणि तो माल गावोगावच्या माजी सदस्यांच्या मंडळांनी विकला. म्हणजे गॅटलिनबर्ग कधी न पाहिलेल्या, दूरच्या एखाद्या शहरातल्या सदस्येलाही हिशेब ठेवायचा होता, माल मांडायचा होता, पैसे पाठवायचे होते. शाळेचे काम पुढे सरकारी यंत्रणेकडे गेले, पण त्यातूनच उभी राहिलेली ॲरोमाँट ही हस्तकलेची संस्था आजही चालू आहे.

एवढा मोठा प्रकल्प प्रत्येक शाखेला झेपणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडची भिशी टिकते ती फराळामुळे नव्हे, प्रत्येकीचा नंबर लागतो म्हणून. तसा इथेही प्रत्येकीचा नंबर लागला पाहिजे. ‘मदत करू इच्छिणाऱ्यांनी कळवावे’ असा सामूहिक निरोप कोणीही मनावर घेत नाही. त्याऐवजी एकीलाच फोन करून सांगा: ‘तू इतकी वर्षे बँकेत आहेस, शनिवारी अकरा ते साडेबारा कॅम्पसवर दोन मुलींचे बायोडेटा पाहून देशील का?’ काम छोटे, वेळ ठरलेली आणि ते याच व्यक्तीला का सांगितले ते उघड. जिची मुले लहान आहेत तिला घरबसल्या शिष्यवृत्तीचे अर्ज वाचायला द्यावेत; निवृत्त सदस्येला विद्यार्थिनींच्या शाखेची सल्लागार होण्याची विनंती करावी, कारण त्या कामाला दिवसा मोकळा असलेला माणूस लागतो.

वर्गणीबाबत थोडे सबुरीने घ्यावे. राष्ट्रीय संस्थेची आणि स्थानिक शाखेची अशी दुहेरी वर्गणी अनेकींना जड जाते, आणि ती थकली की संकोचाने येणेही थांबते. हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झालेल्या अल्फा कॅपा अल्फा (1908) आणि डेल्टा सिग्मा थीटा (1913) या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सॉरॉरिटींमध्ये सदस्यत्व आयुष्यभराचे मानतात आणि पदवीधरांच्या शाखा हा तर संघटनेचा कणाच असतो. दुरावलेल्या सदस्यांना परत आणणे हे तिथे जाणीवपूर्वक केले जाणारे काम आहे. डेल्टामध्ये त्याला ‘रिक्लमेशन’ म्हणतात. आपण निदान एवढे करावे की, दहा वर्षांनी आलेलीला ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असे कोणी विचारू नये आणि स्थानिक थकबाकीचा विषय पहिल्या भेटीत काढू नये.

नव्या सदस्या तीन प्रकारच्या असतात: नुकत्याच पदवीधर झालेल्या, दुसऱ्या शहरातून आलेल्या, आणि ज्या संघटनांचे नियम परवानगी देतात तिथे शिक्षण संपल्यावर प्रथमच दीक्षा घेतलेल्या. पहिल्या प्रकारच्या मुली बहुधा मे ते सप्टेंबर या काळात हातातून निसटतात. अनेक विद्यापीठांचा ईमेल पदवीनंतर काही काळाने बंद होतो, म्हणून खासगी पत्ता आणि ती कुठल्या शहरात जाणार हे एप्रिलमध्येच लिहून घ्यावे, आणि त्या शहरातील शाखेला लगेच कळवावे. दुसऱ्या शहरातून आलेलीची अडचण वेगळी असते. आपल्या शाखेत एकाच मोठ्या विद्यापीठातल्या बायका बहुसंख्य असतील तर गप्पा त्या एकत्र राहत त्या जुन्या सॉरॉरिटी-घराच्या आणि जुन्या प्राध्यापकांच्या होतात, गाण्यांच्या चालीही त्यांच्याच असतात, आणि लहान कॉलेजातून आलेली बाई हातात प्लेट घेऊन नुसती हसत राहते. अशा वेळी तिला आधीच ओळखणारी एक ठरावीक सोबतीण हवी, जी तिला गाडीतून घेऊन येईल आणि पुढच्या दोन-तीन भेटींतही शेजारी बसेल. तिसऱ्या प्रकारच्या सदस्यांना मात्र विधींची आणि रीतींची माहिती वेगळ्या बैठकीत नीट द्यावी, सगळ्यांदेखत नव्हे.

तुमचा शेवटचा प्रश्न होता की अध्यक्षपद कोणी घेत नाही. ते पद दोघींत वाटून द्या, मुदत लेखी ठरवा आणि मुदत संपली की जुन्या अध्यक्षेला खरोखर मोकळे करा. सल्लागार म्हणून पुन्हा गुंतवू नका, कारण इतरजणी तेच पाहून पद टाळतात.