ऑपेराच्या अभ्यासासाठी पुण्याहून जर्मनीला निघताना

शास्त्रीय गायनात एम.ए. झाल्यावर ऑपेरा आणि सांगीतिक अस्मिता या विषयावर जर्मनीत संशोधन करायचे असेल तर तयारी कोणती करावी, आणि नाट्यसंगीताचा आजवरचा अभ्यास बाजूला ठेवावा लागेल का, असे आपण विचारले आहे. सदाशिव पेठ सोडून जर्मनीत येऊन मला अकरा वर्षे झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: तो अभ्यास कृपा करून सोडू नका.

आमच्या प्राध्यापकबाईंच्या पहिल्याच सेमिनारचा विषय इटालियन संगीतकार व्हेर्दी यांच्या ‘नाबुको’ या ऑपेरातील ‘व्हा, पेन्सिएरो’ हे, मायदेशाची आठवण काढणाऱ्या बंदिवान ज्यूंचे समूहगान होता. १८४२ साली मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात, ऑस्ट्रियाच्या अमलाखालील प्रेक्षकांनी त्याला वन्समोअर दिला, ही कथा मीही खरी मानत होते. परंतु तत्कालीन वृत्तपत्रांत तिला आधार सापडत नाही, हे रॉजर पार्कर या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. बाईंनी आम्हाला शोधायला लावले ते हे, की ही कथा पुढे कोणी, केव्हा आणि कोणत्या गरजेपोटी सांगितली.

त्याच सत्रात मी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाची छापील प्रत वर्गात नेली. पदाच्या डोक्यावर छापलेली ‘चाल’, म्हणजे ते कोणत्या आधीच्या गाण्याच्या चालीवर म्हणायचे याची नोंद, पाहून सगळे थबकले. साकी, दिंडी हे जुने छंद आणि कानडी पदांच्या चाली घेऊन उभे राहिलेले हे संगीत नेमके कोणाचे, यावर ठरलेली वीस मिनिटे संपून दोन तास चर्चा झाली. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी हे नाटक रंगभूमीवर आले आणि पुढच्याच जूनमध्ये प्रागचे राष्ट्रीय नाट्यगृह चेक संगीतकार स्मेतना यांच्या ‘लिबुशे’ या ऑपेराने उघडले, ही तुलना मला तेथेच सुचली आणि पुढे तोच माझ्या प्रबंधाचा विषय झाला.

आता तयारीविषयी. पीएच.डी.साठी आधी मार्गदर्शकाची संमती लागते, म्हणून ज्यांच्याकडे जायचे त्यांचे निदान दोन निबंध नीट वाचून मगच आपला आराखडा पाठवा. व्याख्याने बहुधा जर्मनमध्ये असतात; ऑपेरांच्या संहितेसाठी वाचण्यापुरती इटालियनही हवी. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन, मात्र पुण्यातच, पियानोच्या शिक्षकांकडे बसून शिका. मी ते येथे येऊन शिकले आणि पहिले वर्ष स्वर मोजण्यातच गेले. पैशांचे म्हणाल तर बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, पण राहण्याच्या खर्चाची तरतूद व्हिसासाठी दाखवावी लागते.

आणि निघण्यापूर्वी एक काम अवश्य करा. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केलेले जे बुजुर्ग आज भेटतील, त्यांच्याजवळ बसून ध्वनिमुद्रण करा. गायक पदातून आलापीकडे वळतो आणि पुन्हा मुखड्यावर येतो, तेव्हा त्यांची बोटे काय करतात हे कोणत्याही नाट्यपुस्तकात छापलेले नाही, आणि इतक्या दूर बसून मला ते मिळवता येत नाही.