पोरगं गुणी आहे, पण संघात घ्यावं का?

मी समुपदेशक आहे. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी तालमीचे, म्हणजे फुटबॉल संघ चालवणाऱ्या पेठेतल्या मंडळाचे, पदाधिकारी विचारतात, कधी प्रशिक्षक. मुलाचा खेळ अव्वल आहे, पण त्याला सांभाळणं अवघड, घ्यायचा का? त्यातली एक केस सांगते. मुलाची आणि तालमीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एका तालमीचे संघ व्यवस्थापक आले होते. "मॅडम, पोरगं हिरा हाय. डाव्या पायानं असला बॉल मारतंय, गोलकीपर जागचा हलत न्हाई. पण डोकं फिरलं की कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई." मुलगा एकोणीस वर्षांचा, फाउंड्रीत कामाला. दोन लाल कार्डं, सरावाला दांड्या, दारू आणि एकदा रात्री चौकात मारामारी. आधीच्या संघानं नारळ दिलेला. खेळाडू नोंदणीची मुदत तोंडावर आली होती आणि या व्यवस्थापक दादांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, की पोरगं सुधारेल की नाही ते सांगा.

ते मी सांगत नाही. माणूस पुढच्या हंगामात कसा वागेल याचा दाखला कोणताच समुपदेशक देऊ शकत नाही. मुलगा माझ्याशी जे बोलेल ते त्याच्या परवानगीशिवाय तालमीला कळणार नाही, हेही मी आधीच स्पष्ट केलं. दादा नाराज झाले. फी तालीम भरणार आणि तालमीलाच काही कळणार नाही? पण ही अट नसली की मुलगा समोर मुलाखतीला आल्यासारखा बसतो आणि गोड गोड बोलून निघून जातो.

मग मी विचारलं, मारामारीत समोर कोण होतं? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. घरातल्या बाईवर किंवा एखाद्या लहान पोरावर हात उचलला असता, तर आधी त्याचा जाब दे, फुटबॉल मग बघू, असंच मी म्हटलं असतं. कितीही गोल करणारा असला तरी. इथे समोर त्याच्याच वयाची, दुसऱ्या संघाची पोरं होती.

मुलगा आला तो मान खाली घालूनच. त्याचा खेळ, त्याची चूक यातलं काहीच मी काढलं नाही. एका कागदावर आम्ही गेल्या हंगामातले सामने लिहिले आणि शेजारी प्रत्येक भानगड कधी झाली ते. दोन्ही रकाने भरल्यावर तो स्वतःच कागदाकडे बघत राहिला. दांड्या जवळजवळ सगळ्या सामना जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या होत्या, कारण रात्री समर्थक त्याला उचलून पार्टीला नेत. आणि चौकातली मारामारी लाल कार्डानंतरच्या बंदीच्या काळातली. "बंदी असली की मला कुणी फोनच करत न्हाई मॅडम. गोल मारला की अख्खी पेठ माझी."

जागतिक आरोग्य संघटनेची दारूविषयीची दहा प्रश्नांची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली भरून घेतली. गुण धोक्याच्या पातळीच्या वर निघाले, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. तारखांचा कागद तालमीला दाखवायला तो स्वतःहून तयार झाला.

दादांनी बैठकीत इंग्लंडच्या जेमी वार्डी या फुटबॉलपटूचं उदाहरण काढलं. मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन पायात इलेक्ट्रॉनिक टॅग घालून खेळलेला हा पोरगा. 2012 मध्ये लेस्टर सिटी या क्लबनं दहा लाख पौंड मोजून त्याला घेतलं आणि 2016 मध्ये त्याच्यासह इंग्लंडची अव्वल स्पर्धा, प्रीमियर लीग जिंकली. सगळं खरं. पण लेस्टरला आल्यावर त्याचं पिणं वाढलं होतं, आणि क्लबचे तेव्हाचे उपाध्यक्ष ऐयावत श्रीवद्धनप्रभा यांनी स्वतः समोर बसवून त्याच्याशी बोलणं केलं, हा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही. उलट्या बाजूचं उदाहरण ब्राझीलच्या आद्रियानोचं. 2004 मध्ये वडील गेले आणि इटलीतल्या इंटर मिलान क्लबचा हा ताकदवान स्ट्रायकर नैराश्यात आणि दारूत बुडत गेला. कर्णधार हावियेर झानेत्ती त्याच्या पाठीशी होता, तरी त्याला बाहेर काढता आलं नाही याची खंत झानेत्तीनं पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. जीव लावूनही माणूस हातचा जातो, हे तालमीनं धरूनच चालावं असं मला मनापासून वाटतं.

मी तालमीला विचारलं, सामना नसलेल्या आठवड्यात त्याला फोन कोण करणार? जिंकल्यावर रात्री त्याला घरी कोण सोडणार? आणि त्यानं नियम मोडला तर फायनलला बाहेर बसवाल का?

"फायनलला? पब्लिक आम्हाला पेठेत फिरू देणार न्हाई."

"मग त्याला घेऊ नका," मी म्हटलं. नियम फक्त राखीव खेळाडूंसाठी असतो हे त्या मुलाला आधीच्या संघात चांगलं कळलेलं होतं. तेच पुन्हा शिकवायचं असेल तर त्याचंही नुकसान आणि संघातल्या बाकीच्या पोरांचंही.

आठवडाभर तालमीत खडाजंगी झाली. शेवटी त्याला घेतला, अटी लिहून, आणि त्या अटी सगळ्या संघाला सारख्या. त्याच एमआयडीसीत काम करणारा एक जुना खेळाडू पाळी सुटली की त्याला गाडीवर मागे बसवून सरावाला आणू लागला. सामन्यानंतरची पार्टी बंद झाली नाही, पण त्याला तिथे न्यायचं नाही हे समर्थकांनी मान्य केलं. काहींनी कुरकुरत.

हंगामाच्या मध्याला त्यानं लागोपाठ सराव बुडवला. उपांत्य सामन्यात दादांनी त्याला खरोखर बाहेर बसवलं आणि संघ हरला. दादांना चार दिवस लोकांची बोलणी खावी लागली. मुलगा माझ्याकडे येऊन तणतणला, तालीम सोडतो म्हणाला. त्या जुन्या खेळाडूनं मात्र हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही पाळी सुटल्यावर गाडी फाउंड्रीच्या गेटवर लावली.

त्याची दारू पूर्ण सुटलेली नाही. कमी झाली आहे आणि उपचार चालू आहेत. त्यानंतर लाल कार्ड मिळालेलं नाही. पुढच्या हंगामात ठेवायचा की नाही हे तालमीनं अजून ठरवलेलं नाही. त्या बैठकीला त्यालाही बोलवा असं मी सुचवलंय, आणि दादा हो म्हणालेत.