किशोरसारख्या मुलांच्या मासिकाला माहितीपर लेखाची आयडिया कशी पाठवायची?
आख्खा लेख लिहायच्या आधी चार-पाच ओळींचा मेल टाका, पण विषय नुसता 'पक्षी' असा नको, एकदम बारीक हवा. म्हणजे बघा, सुगरणीचा खोपा नर विणतो, अर्धा झाला की मादी येऊन बघते आणि पसंत नाही पडला तर तो तसाच सोडून दुसरा विणायला घेतो, हे ऐकून चौथीतलं पोरगं पण थांबतं ना! हेच मेलच्या पहिल्या ओळीत टाका. मग वयोगट, माहिती कुठून घेतली, फोटो स्वतःचे आहेत का, बस. आणि मागचे अंक खरंच चाळा, बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघतंय, तुमचा विषय आधी येऊन गेलेला असू शकतो. खोपे पावसाळ्यात दिसतात, त्यामुळे विचारायचं उन्हाळ्याच्या आधीच.