वाचकांचे प्रश्न : वसतिगृह आणि मद्याचा नियम

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा मुंबईतील एका कॅथलिक महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहतो. बाहेरून बिअर पिऊन आल्याबद्दल त्याला निलंबनाची नोटीस मिळाली आहे. ‘प्रार्थनेत वाइन चालते, मग आम्हालाच बंदी का?’ असे तो विचारतो. त्याचे म्हणणे कितपत योग्य आहे?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चिरंजीवांचा युक्तिवाद चटपटीत असला तरी टिकणारा नाही. मिस्सा या कॅथलिक प्रार्थनाविधीत द्राक्षांची वाइन घोटभरच आणि उपासनेचा भाग म्हणून घेतली जाते, शिवाय अनेक ठिकाणी भाविकांना केवळ भाकरीचाच प्रसाद मिळतो. कॅथलिक शिकवण मद्याला सरसकट पाप मानत नाही, अतिरेकाला मानते; पण इथे मुद्दा धर्माचा नसून वयाचा आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा असल्यामुळे, महाविद्यालय कोणत्याही धर्माच्या संस्थेचे असते तरी १९ वर्षांच्या मुलाला सूट मिळाली नसती. वसतिगृहाचे नियम तर कायद्याहून कडक असू शकतात आणि प्रवेशाच्या वेळी भरलेल्या हमीपत्रावर बहुधा आपलीही सही असेल. ती आपण न वाचताच केली असावी, असा माझा अंदाज आहे.

तथापि, म्हणणे मांडण्याची संधी न देता निलंबन करणे उचित नाही. मुदतीत लेखी खुलासा द्यावा, त्यात वाइनचा उल्लेख मात्र टाळावा, आणि वॉर्डनना समक्ष भेटून पहिल्या चुकीसाठी ताकीद किंवा समुपदेशनाची तरतूद नियमावलीत आहे का, ते विचारावे.